क्रमांक सतराची नाडी

बारा इंची ठोकळा सुताराकडून करून घेतला, बाभळीचा,
साडेचारशे रुपये. त्यातले दोनशे हितेश धांडेकडून यायचेत अजून.
फिरके सर म्हणाले, तृतीय वर्षाचा प्रकल्प आहे, पीएचडी नाही,
चाळीस माणसं पुरेत:
वीस आपल्या जिमखान्यातली, वीस केळी भरणारी.
मोबाईलवर टकटक लावायची, मिनिटाला शहाण्णव,
तीन मिनिटं चढ-उतार, मग खाली बसवून
एक अख्खं मिनिट मनगट.

सावद्याबाहेर, वजनकाट्यामागे, दिल्लीचा ट्रक लागलेला.
एप्रिल. सकाळी नऊलाच सातपुडा पुसून गेलेला.
खांद्यावर गादी, गादीवर घड,
शर्टांवर चिकाचे डाग, कुठल्याच साबणाला न जुमानणारे.
माझ्या फॉर्मांवरही पडले.
पहिल्या दिवशी मी ते फॉर्म बदलले,
दुसऱ्या दिवसापासून सोडून दिलं.

क्रमांक सतरा. रुबाब नथ्थू तडवी. वय: "लिही चाळीस."
रकाना सात: व्यायाम. रोज, कधीमधी, कधीच नाही.
तो हसला.
"यायाम? नाई वं माय. टाइम कुठी ऱ्हायतो?"
मी 'कधीच नाही'वर खूण केली.
पेन नीट उठेना म्हणून दोनदा.

ठोकळ्यावर तो असा चढला
जसं कुणी हात धुवायला उंबरा ओलांडतं.
तीन मिनिटं. मग बसून, एका मिनिटात, चौऱ्याहत्तर.
आमच्या कबड्डीच्या कॅप्टनचे, रोज चार अंडी खाणाऱ्याचे,
एकशे आठ.

सर म्हणाले, मोजायला चुकली असशील.
विश्रांतीतली नाडी घेतलीस का?
आधी दहा मिनिटं शांत बसवून? पुस्तकात काय दिलंय?

परत गेले.
रुबाबभाऊ, दहा मिनिटं नुसतं बसायचं.
"नुसतं?"
नुसतं.
"अन् घडं?"
टोळीत पैसे नगावर.
तो उलट्या क्रेटवर बसला, नजर ट्रकच्या फाळक्यावर,
कोण किती नेतंय ते त्याचे ओठ मोजत होते
आणि माझ्या बोटांखाली तो, अठ्ठ्याऐंशी.

चढून चौऱ्याहत्तर, बसून अठ्ठ्याऐंशी.
सरांनी कागद खिडकीकडे धरला,
पाचशेची नोट पाहतात तसा.
"हा काढून टाक. एकोणीस ठेव. आलेख सरळ येईल."
आलेख सरळ आला. हितेशने त्याला निळा रंग दिला.

रात्री एक तळटीप लिहिली:
क्रमांक सतराला बसता येत नाही.
खोडली. शास्त्रीय नव्हती.
मग लिहिलं: विश्रांतीची अट पूर्ण होऊ शकली नाही.
ही राहू दिली, बारीक टाइपात, पान एकतीस.
बाहेरच्या परीक्षकांनी समास किती सोडलाय ते विचारलं.
पंचवीसपैकी एकवीस.

मेच्या शेवटी संमतीपत्रांच्या प्रती द्यायला गेले,
द्याव्या लागतात.
ठोकळा तोवर आईने माठाखाली घेतला होता.
रुबाबभाऊ क्रेटवर पाणी पीत होता.
"हे पाय, इथी ऱ्हायते ना?" दोन बोटं स्वतःच्या मनगटावर,
बरोबर जागेवर.
टोळीतल्या सगळ्यांची मोजून झाली होती म्हणे,
मुकादमाची दोनदा, कारण पहिल्या वेळी सापडलीच नाही.
"तुही मोजली का वं कोनी?"

नाही. चाळीस जणांत मी नव्हते.

त्यानं माझं मनगट धरलं. बोटं चिकानं खरखरीत.
मोबाईलचं घड्याळ क्रेटला टेकवलं,
ओठ हलायला लागले.
त्रेपन्न, चोपन्न,
मागून ट्रकचा हॉर्न.
"थांब," म्हणाला, "एवढा भरून येतो."

मी बसले होते,
मनगट तसंच वर करून,
आकडा विसरू नये म्हणून हळूच म्हणत:
चोपन्न, चोपन्न.